घरच्या संगणकावरील माहितीचा बॅकअप : कायम जोडलेली एक हार्ड डिस्क पुरेशी आहे का?

आपण कळवलेली परिस्थिती अशी आहे. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर सुमारे ४०० जीबी माहिती आहे. त्यात १५ वर्षांचे कौटुंबिक फोटो, प्राप्तिकराचे व घराचे कागद, मुलीच्या प्रबंधाचे काम आणि दिवंगत वडिलांनी श्रीलिपी या देवनागरी टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेले सुमारे ६०० पानांचे लेखन आहे. ही सर्व माहिती १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवलेली असून ती डिस्क लॅपटॉपला कायम जोडलेली असते. ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेले आहे. घर सांगलीत, कृष्णेपासून फार दूर नाही. मुलगी पुण्यात शिकते. एवढी व्यवस्था पुरेशी आहे का, आणि नसल्यास काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

ही व्यवस्था पुरेशी नाही. बहुतेक घरांमध्ये घेतली जाते त्यापेक्षा आपण पुष्कळ अधिक काळजी घेतली आहे, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. मी पुण्यात गेली २२ वर्षे संगणक दुरुस्तीचे आणि बंद पडलेल्या डिस्कवरून माहिती काढून देण्याचे काम करतो, आणि माझ्याकडे हताश होऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कोठे ना कोठे एक प्रत ठेवलेली असते. अडचण अशी होते की ज्या प्रसंगात मूळ माहिती जाते, त्याच प्रसंगात ती प्रतही जाते. म्हणून प्रत्येक प्रतीबाबत एकच प्रश्न विचारावा : मूळ माहितीवर जे संकट येईल, त्याच्या तडाख्यातून ही प्रत बाहेर राहील का?

या प्रश्नाच्या कसोटीवर सर्वांत आधी बाद होते ती ‘डी ड्राइव्ह’वरची प्रत. आपण तिचा उल्लेख केलेला नाही, तरी आपल्याकडे हा समज फार खोल रुजलेला असल्याने सांगून ठेवतो. संगणक जोडून देणारे लोक एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देत असत व ‘महत्त्वाचे ते डीवर ठेवा’ असे सांगत असत. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला जाई आणि डी वाचे, एवढ्यापुरता तो सल्ला बरोबर होता. परंतु डिस्कच बिघडली तर दोन्ही भाग एकत्रच जातात.

आपली कायम जोडलेली डिस्क याहून बरी आहे, पण लॅपटॉपचा बिघाड सोडल्यास फारशा संकटांतून ती वाचवणार नाही. विजेचा दाब अचानक वाढला तर तो दोहोंना बसतो, आणि चोर दोन्ही वस्तू उचलून नेतो. सर्वांत मोठे भय रॅन्समवेअरचे, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचे आहे, कारण हा प्रकार संगणकाला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवरील फायली कुलूपबंद करत जातो आणि एक्स्टर्नल डिस्क त्याला अंतर्गत डिस्कइतकीच सहज दिसते. माझ्याकडे आलेल्या घरगुती प्रकरणांमध्ये बहुधा फुकटात मिळवलेले चोरटे सॉफ्टवेअर किंवा त्याचे ‘क्रॅक’ हेच त्याचे प्रवेशद्वार होते.

जोडलेल्या प्रतीची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण मी नेहमी देतो. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरातील संगणक थोड्याच वेळात निकामी केले, आणि नाव्हा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही त्यात विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची नोंद सांभाळणारे अनेक सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि ते सतत एकमेकांची प्रत ठेवत असत, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावरून काम चालावे. प्रत्यक्षात सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो घानामधील एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली. मर्स्कला योगायोगाने मिळाले ते घरी आपल्याला केबल काढून ठेवून मिळवता येते.

आता गूगल ड्राइव्हविषयी. ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा मुख्यतः ‘सिंक’ करतात, म्हणजे संगणकावर जे घडते तेच क्लाउडवर घडवतात. आपण फाइल चुकून पुसली तर ती तेथूनही पुसली जाते, आणि एखाद्या प्रकरणाचा मजकूर नकळत खोडून फाइल जतन केली तर खोडलेलीच आवृत्ती वर जाते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते. चूक तेवढ्या काळात लक्षात आली तर ठीक. पण घरगुती माहितीच्या बाबतीत ती कित्येकदा वर्षभराने, एखाद्या लग्नकार्यासाठी जुने फोटो शोधताना लक्षात येते. आणखी एक बाब अशी की जागा वाचवण्यासाठी या सेवा काही फायली फक्त क्लाउडवर ठेवतात आणि संगणकावर केवळ त्यांचे नाव दाखवतात. अशा फायली डिस्कवरील बॅकअपमध्ये येतीलच असे नाही, म्हणून महत्त्वाच्या फोल्डरला ‘या उपकरणावर कायम ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय लावून घ्यावा.

गूगलची १५ जीबी मोफत जागा ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून असते, आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला आहे. आपल्या वडिलांचे स्वतंत्र जीमेल खाते असेल आणि त्याचा पासवर्ड आपल्यापाशी असेल, तर त्यातील पत्रव्यवहार ‘टेकआउट’ या सोयीने उतरवून घेण्यास विलंब करू नये.

पुराविषयी सांगलीकरांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे आपण पाहिलेली आहेत. २०१९ नंतर माझ्याकडे आलेल्या डिस्कपैकी काहींच्या आत गाळाचे पाणी शिरले होते, आणि त्यातल्या मोजक्याच डिस्कवरून काही काढता आले. डिस्क पाण्यात भिजलीच तर ती उन्हात वाळवून चालू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण आतील तबकड्यांवर चिकटलेला गाळ वाचणाऱ्या टोकाखाली घासला गेला की उरलेली आशाही संपते. मुख्य मुद्दा असा की घराबाहेरची प्रत ही त्याच पूररेषेबाहेरची असली पाहिजे. त्याच पेठेतील बँकेचा लॉकर किंवा दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाचे घर या कामासाठी उपयोगाचे नाही. आपली मुलगी पुण्यात आहे, ही या बाबतीत मोठी सोय आहे.

माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा ३-२-१ नावाचा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. मूळ माहितीही या तीन प्रतींत धरली जाते. एका छायाचित्रकाराने तो मांडावा याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण गेलेला क्षण पुन्हा टिपता येत नाही हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार. आपल्यासाठी मी त्याचे रूप असे सुचवतो : प्रत्येकी २ टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, त्यांपैकी एक सांगलीत व दुसरी पुण्यात, आणि पुन्हा निर्माण न करता येणारी निवडक माहिती याखेरीज क्लाउडवर. सांगलीतील डिस्क दर रविवारी जोडावी, बॅकअप पूर्ण झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून केबल काढावी आणि ती वरच्या मजल्यावर किंवा निदान कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी. मुलगी घरी येईल तेव्हा दोन्ही डिस्कची अदलाबदल करावी. दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, ही अदलाबदल चुकवू नये.

सध्याची १ टीबीची डिस्क टाकून देऊ नये. तिचे वय पाच वर्षांपेक्षा कमी असेल आणि तिच्यातून कधी टकटक आवाज आला नसेल तर दोनपैकी एक म्हणून ती चालेल, आणि मग एकच नवी डिस्क घ्यावी लागेल. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी इतकीच जागा दाखवते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यात फसवणूक नाही. मात्र पेन ड्राइव्हमध्ये खरी फसवणूक होते. रस्त्यावर किंवा ऑनलाइन अविश्वसनीय स्वस्तात मिळणारे १ किंवा २ टीबीचे पेन ड्राइव्ह प्रत्यक्षात फार लहान असतात आणि ठरावीक मर्यादेनंतर लिहिलेली माहिती नुसती हरवत जाते. चांगला पेन ड्राइव्हही ने-आण करण्यासाठी वापरावा, साठवणीसाठी नव्हे.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, घ्यावी का, असे बरेच जण विचारतात. ती वेगवान असते व पडल्याने सहसा बिघडत नाही. परंतु बॅकअप घेऊन कपाटात ठेवण्याच्या वापरासाठी मी अजूनही साधी फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्कच सुचवतो. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते आणि वीज न मिळता ती दीर्घकाळ पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठी उद्योगाने ठरवलेला निकष असा आहे की तिचे लिहिण्याचे आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सियस तापमानात, विजेविना एक वर्ष माहिती टिकावी. नवी एसएसडी याहून बराच जास्त काळ टिकेल, पण आपल्याकडील उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाही. डीव्हीडीबद्दल मी स्वानुभवाने सांगतो. मुलाच्या लहानपणीच्या चित्रफिती मी २००६ मध्ये डीव्हीडीवर उतरवून मूळ टेप देऊन टाकल्या होत्या. आठ वर्षांनी उघडल्या तेव्हा ११ पैकी ४ डीव्हीडी वाचल्या गेल्या नाहीत. मधल्या काळात मी त्या एकदाही लावून पाहिल्या नव्हत्या. ती चूक मला आजही बोचते, आणि आपल्याला इतक्या विस्ताराने लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

पूर्वी अशा चुकांवर थोडा तरी उपाय असे. साध्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती मूळ जागी राहते आणि आम्ही ती बहुधा परत काढू शकतो. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, आणि फाइल पुसताच विंडोज ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने एसएसडीला त्या जागा रिकाम्या झाल्याचे कळवते. मग एसएसडी त्या स्वतःहून साफ करते. त्यामुळे रिसायकल बिन रिकामा केल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांना बहुतेक वेळा ‘काही करता येणार नाही’ एवढेच सांगावे लागते.

बॅकअप कोणत्या साधनाने घ्यावा, याला मी दुय्यम महत्त्व देतो; जे साधन आपण दर रविवारी न कंटाळता वापराल ते चांगले. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपते आणि ती कंट्रोल पॅनेलमध्ये मिळते, परंतु ती ठरावीक फोल्डरच धरते. डी ड्राइव्हवर स्वतः बनवलेले ‘फोटो’ फोल्डर ‘लायब्ररी’त समाविष्ट केले नाही तर ते तिच्या नजरेतच येत नाही. ‘फ्रीफाइलसिंक’ हे मोफत सॉफ्टवेअर मला घरगुती वापरासाठी अधिक सोयीचे वाटते. त्यात ‘अपडेट’ हा प्रकार निवडावा, आणि बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रतींसाठी ‘व्हर्जनिंग’ चालू करून वेगळे फोल्डर नेमून द्यावे. ‘मिरर’ हा प्रकार टाळावा, मग तो या सॉफ्टवेअरमधील असो की विंडोजच्या रोबोकॉपी या आज्ञेतील. तो डिस्कला लॅपटॉपसारखी हुबेहूब करतो, म्हणजे लॅपटॉपवरून जे चुकून गेले ते डिस्कवरूनही पुसतो. पहिल्या वेळी ४०० जीबी उतरवण्यास यूएसबी ३ वर काही तास लागतील. पुढच्या रविवारी केवळ बदललेल्या फायलींना काही मिनिटे पुरतील. ४०० जीबी क्लाउडवर पाठवायचे झाल्यास मात्र ५० एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने मिळाला तरी सुमारे १८ तास लागतात, म्हणून तेथे सगळे न पाठवता निवडक पाठवावे, असे मी म्हणालो.

डेस्कटॉप आणि ‘डाउनलोड्स’ही बॅकअपमध्ये घ्यावे, कारण कामाचे कागद बहुधा तेथेच पडलेले असतात. घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल तर त्याची माहिती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसते, टॅलीप्राइममध्ये ती सहसा सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’मधील ‘पब्लिक’ या फोल्डरखाली सापडते.

पुण्याला जाणारी डिस्क एसटीत किंवा रेल्वेत हरवू शकते आणि तिच्यावर पॅन, आधार, बँकेची विवरणपत्रे असतील, म्हणून ती पासवर्डने कुलूपबंद करणे योग्य ठरेल. त्यासाठीची बिटलॉकर ही विंडोजची सोय आपल्याकडे नसल्यास व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालते. मात्र कुलूपबंद डिस्कचा पासवर्ड विसरला तर मी किंवा अन्य कोणीही ती उघडू शकत नाही. हीच गोष्ट आपल्या लॅपटॉपलाही लागू असू शकते. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे असेच कुलूप, अनेकदा आपल्या नकळत चालू झालेले असते आणि मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवावी, डिस्कचा पासवर्डही त्याच कागदावर लिहावा आणि तो कागद घराच्या खरेदीखतासोबत ठेवावा. त्याची एक प्रत मुलीकडे असावी, पण डिस्कच्या डब्यात असू नये. पती गेल्यानंतर त्यांचा लॅपटॉप घेऊन आलेल्या एका बाईंना मला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले होते. यंत्र उत्तम चालत होते, फक्त की कोठे आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

बॅकअप घेतला म्हणजे तो परत मिळेलच असे गृहीत धरू नये. महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वेगवेगळ्या वर्षांच्या दहाबारा फायली प्रत्यक्ष उघडाव्यात; त्यात एक चित्रफीत असावी आणि ती शेवटपर्यंत चालवून पाहावी. फायलींची नावे दिसतात म्हणजे फायली शाबूत आहेत असे नसते.

आपल्या वडिलांच्या लेखनाबाबत सर्वांत अधिक काळजी घ्यावी असे मला वाटते, कारण त्याला असलेला धोका डिस्क बिघडण्याहून वेगळा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसते. एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो आणि त्याला देवनागरी रूप फॉन्ट देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर हीच फाइल उघडली की रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. फाइल पूर्णपणे सुरक्षित असते आणि तरीही तिच्यात काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. मी अशी हस्तलिखिते पाहिली आहेत, ज्यांच्या चार चार प्रती घरात होत्या आणि फॉन्ट एकाही प्रतीसोबत नव्हता. म्हणून लॅपटॉपच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून वडिलांनी वापरलेले सर्व फॉन्ट त्या लेखनाच्याच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची एक छोटी टीप सोबत लिहावी. त्यानंतर प्रत्येक फाइलची पीडीएफ करावी; तिच्यात फॉन्ट अंतर्भूत होत असल्याने ती कोणत्याही यंत्रावर तशीच दिसेल. मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, रूपांतरित करावा. रूपांतर करणाऱ्या साधनांकडून रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत चुका होतात, त्यामुळे ६०० पाने डोळ्यांखालून घालावी लागतील. ते काम मुलीने आणि आपण वाटून घ्यावे. युनिकोड प्रत तयार झाली तरी मूळ फायली पुसू नयेत, कारण एखाद्या शब्दाविषयी शंका आल्यास ताडून पाहण्यासाठी वडिलांनी टंकलेली तीच एक प्रत असेल.

फायलींना देवनागरीत लांब नावे देण्याची सवय असल्यास ती आवरावी. विंडोजमध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची आहे, तर पुष्कळशा लिनक्स यंत्रणांमध्ये ती २५५ बाइटची आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तेथे ३ बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हांतच मर्यादा संपते आणि पुढे कधी लिनक्सवर चालणाऱ्या साठवण यंत्रावर प्रत घेताना नेमक्या त्याच फायली मागे राहतात.

दोन डिस्क, सॉफ्टवेअर आणि पासवर्ड यांची जुळवाजुळव होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतील. ६०० पानांचा निव्वळ मजकूर मात्र फार थोडी जागा घेतो, बहुधा एखाद्या मोठ्या फोटोइतकी. फॉन्ट, मूळ फायली आणि पीडीएफ यांचे एक झिप फोल्डर करून ते आज रात्रीच मुलीला ईमेलने पाठवावे, आणि तिने ते तिच्या संगणकावर उघडून पहिले, मधले व शेवटचे पान वाचता येते की नाही, हे आपल्याला फोनवर सांगावे.